श्रावणचे तीन प्रश्न

तीस वर्षं मी देवळीच्या शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली निम्मी वर्षं समुद्र न पाहता शिकवला. खारे वारे, मतलई वारे, भरती, ओहोटी, सगळं खडूने फळ्यावर. एखादं आगाऊ पोरगं विचारायचंच, "सर, तुमी पाह्यला काय समुद्र?" मी म्हणायचो, "पुस्तक उघड." पण अगदीच अंगावर आलं की खिशातून निळं अंतर्देशीय पत्र काढायचो आणि श्रावणने काय लिहिलंय ते वर्गाला वाचून दाखवायचो. पोरं गप्प बसून ऐकायची. माझं स्वतःचं शिकवणं ती इतक्या शांतपणे कधी ऐकत नसत, हेही सांगून टाकतो.

श्रावण मेश्राम माझ्या वर्गातला. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. त्याचे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, माझ्या घरी शेती. मॅट्रिकनंतर मी डी.एड.ला गेलो आणि हा पठ्ठ्या नागपूरला भरती निघाली म्हणून पाहायला गेला तो थेट नौदलात लागला. यशोदा नदीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेला माणूस वीस वर्षं पाण्यावर राहिला. काम विजेचं आणि यंत्रांचं. शेवटची सहा-सात वर्षं तो कोचीला होता, जवानांना शिडं हाताळायला शिकवायच्या एका लहान नावेवर. ती नाव त्याची फार लाडकी. तिच्याबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. कांतावहिनी, म्हणजे त्याची बायको, मला एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊजी, माही सवत कोचीले हाय."

त्या नावेची एक गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. एके सकाळी नाव चांगली वाऱ्यावर पळत होती आणि वेग दाखवणारा काटा मात्र शून्यावर. सगळ्यांनी मिळून डबा उघडला, तारा तपासल्या, फ्यूज बदलला. श्रावणने कशालाच हात लावला नाही. तीन प्रश्न विचारले. कधीपासून बिघडलं? त्याच्याआधी नवीन काय झालं? आणि कोणी हात लावला? उत्तरं आली: आज सकाळपासून, नाव आठवडाभर खाडीत उभी होती, आणि हात कोणीच लावला नाही. नाव थांबवायला लावून श्रावणने कपडे काढले आणि खाली बुडी मारली. नावेच्या तळाला एक लहान चक्री असते, ती पाण्याने फिरते आणि तिच्यावरून वेग कळतो. त्या चक्रीत शेवाळाचा गुंता अडकला होता. "देवळीच्या विहिरीत पोहायले शिकलो, ते तिथं कामी आलं," असं म्हणून ही गोष्ट संपते. दर वेळी इथेच संपते.

निवृत्त होऊन परत आला तेव्हा त्याने बसस्टँडजवळ दुकान टाकलं. रेडिओ, टीव्ही, वजनकाटे, मोटारीचे स्टार्टर, जे येईल ते. पाटीवर शिडाची नाव काढून मागितली. आमच्या पेंटरने आयुष्यात नाव पाहिलेली नव्हती. त्याने ते शीड असं रंगवलं की पंचवीस वर्षं लोक विचारतात, दुकानावर चादर काऊन वाळत घातली हाय. श्रावणने ती पाटी बदलली नाही.

आणि ते तीन प्रश्नही त्याने सोडले नाहीत. एकदा नत्थू नावाचा बाजार समितीतला एक मापारी सोयाबीनचा ओलावा मोजायचं मशीन घेऊन आला. म्हणाला, वाळलेल्या मालातही ओलावा जास्तच दाखवून राह्यलं, शेतकरी अंगावर येऊन राह्यले. श्रावणने मशीन उघडलंच नाही. नत्थूला म्हणाला, "थोडे दाणे टाकून दाखव मले." नत्थूने तोंडातला तंबाखूचा खर्रा बोटाने एका बाजूला सारला, पिचकारी टाकली, ओलं बोट पँटला अर्धवट पुसलं आणि त्याच हाताने दाणे उचलले. श्रावणने त्याचा पंजा धरला. "मशीन बरोबर हाय. हा हात दुरुस्तीले ठेवून जाय." दुकानात आम्ही चार-पाच जण होतो, हसून हसून बेजार झालो. नत्थू अजूनही त्या दुकानासमोरून जाताना हात खिशात घालतो.

त्याची एकुलती एक मुलगी पौर्णिमा. ती आठ-नऊ वर्षांची असताना श्रावण तिला बोर धरणावर घेऊन गेला होता. मीही गेलो होतो. एका ओळखीच्या भोयाकडून डोंगा मागून घेतला, त्यात बांबू उभा केला आणि कांतावहिनींची जुनी लुगडी शीड म्हणून बांधली. बांबूच्या टोकाला लोकरीचा एक धागा. "धागा जिकडं उडन तिकडं पाह्य. डोळ्याले खोटं वाटलं तं गालावर वारा घे." पोरगी गाल फिरवून फिरवून वारा घेत होती. कांतावहिनी काठावर बसून ओरडत होत्या, "लुगडं फाटलं तं दोघांलेबी घरात घेणार नाई!" मी डोंग्यात बसलो नाही. मला पोहता येत नाही आणि भूगोलाच्या मास्तराने बुडून मरणं बरं दिसत नाही. पण तो दिवस मला फार आठवतो. पाण्यावर ती हिरवी लुगडी फुगली होती आणि पोरगी बापाकडे न बघता सुकाणू धरून बसली होती.

तीच पोरगी पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून गोव्याला नावांची यंत्रं बसवायच्या कामाला लागली. बापाचं कौतुक काय सांगावं! तिचा फोन आला की स्पीकरवर टाकणार, म्हणजे बसस्टँडपर्यंत ऐकू जावं.

आता कांतावहिनींच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्या मध्ये बुद्धविहार. पावसाळ्यातल्या वर्षावासात तीन महिने तिथे संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं आणि वाचायच्या कांतावहिनी. शिक्षण सातवी, पण आवाज असा स्वच्छ की आमच्या अंगणात बसून एकेक शब्द कळायचा. माझी बायको देवका त्या वेळी टीव्ही बंद करायची. आम्ही कधी विहारात गेलो नाही, पण अंगणात खाट टाकून तीन महिने ऐकायचो. एका वर्षी श्रावणने ते वाचन आणि शेवटची वंदना कॅसेटवर उतरवून घेतली. वहिनी गेल्या त्याला आता चार वर्षं होतील. त्यानंतर विहारात दुसऱ्या बाया वाचतात. चांगल्या वाचतात. देवका टीव्ही बंद करते, मी खाट टाकतो, पण थोड्या वेळाने आम्ही आत जातो.

मागच्या दिवाळीनंतर पौर्णिमा आठ दिवस घरी आली होती. तिला एका शिडाच्या नावेवर यंत्रांची जबाबदारी मिळाली होती. आधी गोवा ते कोची अशी चाचणी आणि ती नीट पार पडली तर तिथून अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेच्या बाजूच्या बेटांपर्यंत. माणसं पाच. नावेवर कॅप्टन एक बाई, मोठी कडक. प्रत्येकाला एकच पिशवी आणि आतल्या वस्तूंची यादी लिहून द्यायची.

श्रावणचं त्या आठवड्यात काही खरं नव्हतं. पोरीसमोर छाती काढून हिंडायचा आणि दुकानात आला की गप्प. एक दिवस बघतो तर त्याने ती जुनी कॅसेट काढलेली. सगळा आवाज त्याने एका छोट्या चिपमध्ये घेतला. घेता घेता शेवटी कॅसेटची फीत मशीनमध्ये अडकली आणि तुटून गेली. मग ती चिप, बॅटरी आणि स्पीकर असं सगळं त्याने वहिनींच्या हळदीच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलं. वाजवून पाहिलं तर आवाज चिरका. "अशी नोयती बोलत ते," म्हणाला. फळीवर वहिनींचा स्वयंपाकघरातला मोठा रेडिओ होता. त्याचा स्पीकर काढून त्याने डब्यात टाकला. पुन्हा वाजवलं आणि आम्ही दोघं हललो नाही. वहिनी समोर बसून वाचत असल्यासारखं वाटलं. मी चष्मा पुसला. त्याला चष्मा नाही, तो तसाच बसला.

"पौर्णिमाला सांगितलं?" मी विचारलं.

"नाई. यादीत लिहा लागते म्हने, ते नाई म्हनन. शालीत गुंडाळून पिशवीच्या बुडाशी ठेवून देतो. समुद्रात गेल्यावर सापडन."

"कॉपी ठेवली का घरी?"

तो डब्याचं झाकण लावत राहिला. मी वैतागलो. एवढा मोठा मेकॅनिक, आणि एकुलती एक चीज अशी देऊन टाकतो! पण श्रावण गप्प बसला की बसला.

जानेवारीत एका सकाळी मी दुकानात चहा घेत होतो आणि पौर्णिमाचा फोन आला. नाव मंगळुरूजवळ नांगर टाकून उभी होती म्हणून फोन लागला.

"बाबा, दुकानात हाय काय?"

"हाव. मास्तरबी हाय. बोल."

तिचा आवाज रडवेला होता. नावेचं नाक कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र चुकत होतं; त्याचा सेन्सर खाली नावेच्या पोटात, आकडा दाखवणारा पडदा वर. जीपीएस सांगे एकशे पंचावन्न अंश, तर पडदा दाखवे एकशे पंचवीस. सुकाणू आपोआप धरणारा ऑटोपायलट त्याच आकड्यावर चालतो, तो नाव भलतीकडे वळवायला लागला. वाऱ्याची दिशाही त्याच आकड्यावरून काढतात, तीही चुकीची. दोन दिवस माणसांनी हाताने सुकाणू धरलं होतं.

"काय काय पाह्यलं?"

"वायर पाह्यली, व्होल्टेज पाह्यलं, पडदा बदलला. नाव दोनदा गोल फिरवून नव्यानं सेट केलं. काईच होऊन नाई राह्यलं बाबा. कॅप्टन म्हनते, उद्या सकाळपर्यंत जमलं नाई तं नाव गोव्याले परत. तिथं दुसरा मानूस चढन, अन् मी उतरन."

श्रावणने कप खाली ठेवला. "रडू नको. कधीपासून?"

"गोवा सोडल्यापासून. आदल्या दिवशी म्या सोता तपासलं होतं. बरोबर होतं."

"त्याच्यानंतर नवीन काय चढलं नावेवर?"

"पान्याचे कॅन, कांदे-बटाटे, गॅस, एक जास्तीचा नांगर. नांगर अन् हत्यारं तं म्या हलवून पाह्यली. फरक नाई."

"हात कोनं लावला?"

"मीच. दुसऱ्या कोनंच नाई."

श्रावण थोडा वेळ टेबलावर बोट आपटत बसला. मग म्हणाला, "नांगरावर नाव फिरली असन. पानी फिरलं की नाव फिरते. हातातल्या होकायंत्राशी लावून पाह्यलं काय तेव्हा?"

"पाह्यलं. लिहून ठेवलं हाय. काल संध्याकाळी फरक तीसचा होता. आता..." कागदाचा आवाज आला. "आता बाराचा हाय."

"बस्स!" त्याने मांडीवर थाप मारली. माझा चहा सांडला. "मशीन बिघडलं असतं तं चारी दिशेले एकसारखं चुकलं असतं. नाव फिरली की चूकबी बदलून राह्यली. म्हंजे जवळ कुठंतरी चुंबक हाय. हातातलं होकायंत्र घे अन् डेकवरून खाली उतर. सेन्सरकडं हळूहळू चाल. सुई जिथं मान फिरवन तिथं थांब."

आम्ही दोघं त्या फोनवर वाकलो. तिच्या पावलांचा आवाज, एक दार, मग पाणी आदळल्याचा आवाज. श्रावणचे डोळे चमकत होते. बोर धरणावरच्या डोंग्यातला तोच माणूस मला पुन्हा दिसत होता आणि मला त्याचा हेवा वाटला.

"वळली बाबा," पौर्णिमा म्हणाली. "पन हे तं माह्याच बिछान्याखाली हाय."

"काय हाय तिथं?"

"काईच नाई. कपडे. आईची शाल." ती थांबली. "अन् आईचा डबा. गोवा सोडला त्याच दिवशी पिशवीत सापडला."

श्रावणने फळीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथे तो रेडिओ होता, मधोमध गोल भोक पडलेला.

मी दरवर्षी सहावीच्या वर्गाला सांगत आलो की होकायंत्राजवळ लोखंड नको, चुंबक तर मुळीच नको. श्रावणने ही गोष्ट कित्येक जवानांच्या डोक्यात भरली असेल. आणि आम्ही दोघं शहाणे त्या स्पीकरमागचं मुठीएवढं चुंबक बघत डोळे पुसत बसलो होतो.

"माही चूक हाय पोरी," श्रावण म्हणाला. "स्पीकर म्या बदलला. रेडिओचा टाकला. भल्लं जोराचं चुंबक हाय त्याले."

"मले वाटलं बॅटरीचं वजन हाय."

"पन तिथं काऊन ठेवला? सेन्सरच्या डोक्यावर?"

"तुम्हीच तं सांगतलं बाबा. बोर धरणावर. नाजूक वस्तू नावेच्या मधात ठेवा, खाली, तिथं हालत नाई म्हनून."

सेन्सरही मधोमध, खाली बसवतात आणि त्याचं कारणही हेच असतं. श्रावणने कपाळाला हात लावला.

फोनमधून दुसरा आवाज आला. कॅप्टनबाई हिंदीत विचारत होत्या, सापडलं का. पौर्णिमाने सांगितलं, सापडलं, माझ्या आईची वस्तू आहे. यादीत आहे का? नाही. मग जे यादीत नाही ते दुपारी छोट्या बोटीने किनाऱ्यावर पाठव, असं त्या म्हणाल्या. रागाने नाही, सरळ सांगितलं.

ती चीज एकदा किनाऱ्यावर गेली की कोणाच्या हाती लागणार आणि कुठे हरवणार, कोण जाणे. कॅसेट तर तुटलेली. वहिनींचा आवाज जगात त्या एका डब्यात होता.

"फोन दे त्याइले," तो म्हणाला आणि उभा राहिला. का कोण जाणे, मीही उभा राहिलो. "मॅडम, नेव्ही का चीफ मेश्राम बोल रहा हूँ, रिटायर्ड. गलती मेरी है. लडकी को चुंबक का मालूम नहीं था. उसकी माँ की आवाज है उसमें, माँ अब नहीं है, दूसरी कॉपी भी नहीं है. आप उतार देंगे तो मैं कुछ नहीं कहूँगा, नाव आपकी है. लेकिन जगह मैं बता सकता हूँ. सबसे आगे, जहाँ पाल रखते हैं. दो मीटर की दूरी काफी है, मैं चार कहता हूँ. फिर दोबारा नाव गोल घुमाकर सेट कीजिए. आकडा नहीं मिला तो डिब्बा भी उतारिए और लडकी को भी."

पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "लिस्ट में लिख लेती हूँ. कल सुबह देखेंगे."

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. दुपारी एक जण मिक्सर घेऊन आला, श्रावणने त्याला न विचारताच परत पाठवलं. संध्याकाळी तो आमच्या अंगणात येऊन बसला. देवकाने दोघांना पोहे दिले आणि म्हणाली, "दोघं म्हातारे मिळून एका पोरीची नाव बुडवता काय?" त्याला हसू आलं नाही. मलाही नाही. तो म्हणाला, "मास्तर, तिले एकटं वाटू नये म्हनून केलं. अन् तिचंच नुकसान करून बसलो असतो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी तसं पहिल्यांदाच केलं असेल.

सकाळी साडेसातला फोन आला. मी आधीच दुकानात होतो.

"बाबा, शिडं वर हाय, चालून राह्यलो आमी."

"पडदा काय दाखवते?"

"एकशे एकोणसाठ."

"अन् जीपीएस?"

"एकशे साठ."

"एक चालते," श्रावण म्हणाला. "एक पान्याच्या ओढीचा." आणि खुर्चीत बसला.

ती भरभर बोलत होती. कॅप्टनबाईंनी यादीत लिहिलं होतं: हळदीचा डबा एक, चुंबकासहित. डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हा पुढून हलवू नये. आणि पौर्णिमा पुढच्या प्रवासाला जाणार होती. आफ्रिकेपर्यंत. मग फोनमध्ये वाऱ्याच्या मागून वहिनींचा आवाज आला, वंदनेचा. देवळीच्या बसस्टँडवर सकाळची वर्ध्याची गाडी भरत होती, कंडक्टर ओरडत होता आणि आम्ही दोघं कान देऊन ऐकत होतो. मला आमचं अंगण आठवलं, खाट आठवली. खूप बरं वाटलं आणि खूप वाईटही वाटलं.

"बाबा," पौर्णिमा म्हणाली, "हे चिपमधलं म्या मोबाईलवर घेऊ शकते. एका मिनिटाचं काम हाय. कोचीहून तुमाले पाठवू काय? तुमच्याजवळ तं काईच नाई."

मी जोरजोरात मान हलवली. हो म्हण, हो म्हण, असं त्याला खुणावलं.

श्रावणने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"नको," तो म्हणाला. "तू परत घेऊन येजो."